पडद्यावरची शर्यत आणि चुकण्याचा हक्क



वसंतातल्या व्याख्यानांत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. आज चालकांनी कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाला येथे उभे केले, आणि त्या माणसाने विषय निवडला तो मोटारींच्या शर्यतींच्या व्हिडिओ गेमचा. काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, ती आम्ही गृहीतच धरली आहे. आमचे शिक्षण शाळेच्या फळ्यापेक्षा कारखान्याच्या फाटकावर अधिक झाले. जे वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले आणि जे उमगले नाही ते जाणकाराला विचारून घेतले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा न ठेवता ऐकावे, एवढीच विनंती.

हा विषय आमच्याकडे चालत आला. गोखिवरे, सातिवली, वालीव ह्या पट्ट्यातल्या औद्योगिक वसाहतींत जेवणाच्या सुट्टीत एक फेरी मारून पाहा. गाळ्यांच्या दारांत पोरे बसलेली असतात. डबा संपलेला असतो, हातात मोबाइल असतो आणि पडद्यावर गाडी धावत असते. घरची वडील माणसे म्हणतात, पोरे वाया चालली. आम्ही मात्र त्यांच्या शेजारी बसून विचारीत गेलो की, बाबांनो, ह्यात काय गंमत आहे? एका हेल्परने दिलेले उत्तर आमच्या मनात घर करून राहिले. तो म्हणाला, "साहेब, इथे गाडी ठोकली तरी कोणी ओरडत नाही. पुन्हा पहिल्यापासून." ह्या साध्या वाक्यात ह्या सबंध विद्येचे मर्म आहे, असे आम्हांला वाटते. आजचे भाषण म्हणजे त्या वाक्याचा विस्तार समजा.

प्रथम दोन गोष्टींतला भेद सांगितला पाहिजे. पडद्यावरच्या शर्यतींचे दोन वंश आहेत. एक निव्वळ करमणुकीचा. त्यात गाडी भिंतीला घासली तरी पळत राहते, वळणावर वेग कमी करण्याची गरज नसते आणि यंत्र खेळणाऱ्याचे लाड करते. दुसरा वंश सिम्युलेशनचा, म्हणजे हुबेहूब नकलेचा. त्यात ब्रेक उशिरा दाबला तर गाडी रस्ता सोडते, टायर तापला तर पकड सुटते, आणि यंत्र चुकीचा पुरता हिशेब मागते. परंतु तो हिशेब रक्तात चुकवावा लागत नाही. पहिला वंश लाडावतो, दुसरा शिकवितो. आपल्याला आज मुख्यतः दुसऱ्याशी कर्तव्य आहे.

ह्या दुसऱ्या वंशाचा मूळ पुरुष मोटारवाला नव्हता. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी लिंक नावाच्या गृहस्थांचा पियानो आणि ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. त्यांचा मुलगा एडविन त्याच कारखान्यात राबून तयार झाला. त्याला विमान चालविण्याचा नाद होता आणि ते शिकणे फार खर्चाचे होते. ऑर्गनमध्ये हवा भरणारे जे भाते असतात, ते त्याच्या रोजच्या हाताखालचे. त्याच भात्यांवर त्याने एक लहानसे खोटे विमान बसविले. दांडा हलविला की ते कलावे, डोलावे, वळावे. हे साल १९२९. हे यंत्र विमानविद्येचे शिक्षण देऊ शकते, हे सरकारला पटेना. सुरुवातीस ते विकले गेले ते करमणुकीच्या बागांना. मग १९३४ साली अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम पडले. खराब हवेत, केवळ उपकरणांच्या भरवशावर उडण्याचा सराव त्यांना नव्हता. थोड्याच आठवड्यांत कित्येक तरुण मेले, आणि तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक ह्याच यंत्रावर शिकून बाहेर पडले.

भाते वाजविणाऱ्या कारागिराची ही अक्कल पाच वर्षे खेळणे म्हणून पडून राहिली, आणि माणसे मेल्यावर तिला शिक्षण म्हणून मान मिळाला, हा क्रम ध्यानात ठेवा. त्याची आठवण आम्ही शेवटी पुन्हा करून देणार आहोत.

आता मोटारीकडे येऊ. १९७४ साली अटारी ह्या अमेरिकन कंपनीने 'ग्रॅन ट्रॅक १०' नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याला स्टीअरिंग होते, गिअरचा दांडा होता, पायाशी पेडल होते. पडद्यावर वरून पाहिल्यासारखा ठिपक्यांचा रस्ता, आणि त्यावर एक इवलीशी गाडी. १९८२ साली जपानच्या नामको कंपनीचे 'पोल पोझिशन' आले. त्यात जपानमधील फुजी येथला खराखुरा शर्यतमार्ग दाखविला होता, आणि खेळणारा गाडीच्या मागून रस्ता पाहत असे. ठाऊक असलेल्या जागेची नक्कल करावी, ही कल्पना येथून रुजली. आपल्याकडे ह्या यंत्रांपेक्षा टीव्हीला जोडायच्या खेळण्यांनी अधिक प्रसार केला. नव्वदीच्या दशकात गल्लोगल्ली कॅसेटी भाड्याने मिळत. त्यांत 'रोड फायटर' असे. पुढे सायबर कॅफे आले आणि तासाच्या पैशांत 'रोड रॅश' आले, ज्यात शेजारच्या मोटारसायकलवाल्याला लाथ मारता येई. आजचे चाळिशीतले पुष्कळ गृहस्थ ह्या नावांनी गालांतल्या गालांत हसत आहेत, ते आम्हांला येथून दिसते. हा सगळा पहिला वंश, लाडावणारा.

दुसऱ्या वंशाची गाडी १९८४ साली रस्त्याला लागली. इंग्लंडात जेफ क्रॅमंड नावाच्या गृहस्थाने 'रेव्ह्ज' नावाचा खेळ लिहिला. ज्या संगणकासाठी लिहिला त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. आज मोबाइलवरचे एक साधे छायाचित्र त्याहून कितीतरी पटींनी जड असते. तेवढ्या जागेत त्याने फॉर्म्युला थ्रीच्या गाडीचे वागणे आणि सिल्व्हरस्टोनचा मार्ग बसविला. त्या गाड्या प्रत्यक्ष चालविणाऱ्या ड्रायव्हरला विचारून त्याने गाडीचे वागणे सुधारून घेतले. पाच वर्षांनी, १९८९ साली, दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. अमेरिकेत डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी यांच्या पॅपायरस मंडळीने इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीची नक्कल आणली. टायरमधली हवा कमीजास्त केली की गाडीचे वागणे तिच्यात बदलत असे. आणि अटारीने 'हार्ड ड्रायव्हिन' हे यंत्र आणले. त्याला क्लच होता, आणि त्याचे स्टीअरिंग हाताला झटके देत असे. रस्ता हाताशी बोलू लागला तो येथून.

हे हाताशी बोलणे म्हणजे काय, ते कामगाराला समजावून सांगावे लागत नाही. जुना टर्नर लेथवर टूल बोथट झाल्याचे आवाजावरून ओळखतो. ड्रायव्हरही गाडी घसरण्याच्या बेतात आल्याचे डोळ्यांच्या आधी बसल्या जागी, कमरेने ओळखतो. पडद्यापुढे बसलेल्याला ती कमरेची खबर मिळत नाही. म्हणून ती सारी खबर स्टीअरिंगच्या चाकातून हाताला पोहोचवावी लागते. आजच्या चांगल्या यंत्रांत चाकामागे मोटर बसविलेली असते, आणि पुढच्या टायरांवर पडणारा जोर मोजून ती हाताला तसाच विरोध करते.

सगळ्या विद्येचे कोडे मात्र टायरात आहे. पहिल्या पावसात आपल्या वसई फाट्याच्या रस्त्यावर मोटारसायकल घातलेल्यांना ते चांगले ठाऊक आहे. टायर रस्त्याला चिकटलेला आहे की सुटला आहे, असे दोनच पर्याय नसतात. वळताना रबर थोडे पिळवटते, थोडे सरकते, आणि त्या थोड्या सरकण्यातच पकड निर्माण होते. सरकणे वाढवीत गेले की पकड एका मर्यादेपर्यंत वाढते आणि नंतर कमी होऊ लागते. ती मर्यादा ओलांडली की आपण खड्ड्यात. ऐंशीच्या दशकात हॉलंडमधील डेल्फ्टचे प्राध्यापक हान्स पॅसेयका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वागणे मोजून एका सूत्रात बसविले. अभियंते त्याला आजही 'जादूचे सूत्र' म्हणतात, कारण ते तत्त्वातून काढलेले नसून मोजमापांवरून जुळविलेले आहे, आणि तरी ते लागू पडते. आजचा संगणक असले हिशेब चारही चाकांसाठी सेकंदाला शेकडो वेळा करतो.

१९९८ साली पॅपायरसने 'ग्रँड प्रिक्स लेजेंड्स' आणले. त्यात १९६७ सालच्या गाड्या होत्या. ताकद अफाट, टायर अरुंद, आणि गाडीला रस्त्यावर दाबून धरणारे पंख अजून आलेले नव्हते. नवखा मनुष्य पहिल्याच वळणावर गर्रकन फिरून उलटा उभा राही. खेळ इतका कठीण की त्याचा खप बेताचाच झाला. पण ज्यांना त्याची गोडी लागली त्यांनी तो टाकला नाही. कंपनी मिटल्यावरही जगभरच्या हौशी मंडळींनी फुकट मेहनत करून त्यासाठी नवे मार्ग बनविले. जवळजवळ त्याच सुमारास, १९९७ च्या डिसेंबरात, जपानमध्ये काझुनोरी यामाउची यांचे 'ग्रान टुरिस्मो' आले. त्यांनी रोजच्या वापरातल्या साध्या गाड्याही त्यात घेतल्या आणि ही विद्या घराघरांतल्या टीव्हीपुढे नेऊन बसविली. त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. केमर यांनी २००४ साली दुसरी कंपनी काढली आणि २००८ साली तिचा 'आयरेसिंग' हा उद्योग लोकांसाठी खुला झाला. तेथे शर्यतमार्ग लेसर किरणांनी मोजून उतरविला जातो, रस्त्यातला उंचवटासुद्धा सुटत नाही. निरनिराळ्या देशांतली माणसे आपापल्या घरी बसून एकाच शर्यतीत उतरतात, आणि धसमुसळेपणाने दुसऱ्याला धडक देणाऱ्याची तेथे नोंद राहते.

आता आपल्या देशात येऊ. शर्यत म्हटली की आपल्या मुलखाला आठवतो तो बैलगाडा. त्याच्यावर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि २०२३ साली घटनापीठाने राज्याचा दुरुस्त कायदा मान्य केला. त्या वादात मुख्य प्रश्न होता की, माणसाच्या हौसेचा मार कोणी खायचा. मोटारींच्या शर्यतीत मार खातो तो पैसा आणि कधी कधी जीव. म्हणून ती श्रीमंतांची राहिली. २०११ च्या ३० ऑक्टोबरला दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे बुद्ध सर्किटवर पहिली भारतीय ग्रँड प्रिक्स झाली. मजेची गोष्ट अशी की, त्या वर्षीचा फॉर्म्युला वनचा अधिकृत व्हिडिओ गेम सप्टेंबरातच बाजारात आला होता आणि त्यात बुद्ध सर्किट होते. म्हणजे जगज्जेत्या ड्रायव्हरांच्या गाड्या त्या डांबरावर शर्यतीला उभ्या राहण्याच्या एक महिना आधी कित्येक सामान्य पोरांनी त्या मार्गाची वळणे पाठ केली होती. ती शर्यत २०१३ नंतर भारतात झाली नाही. पडद्यावरचा मार्ग मात्र ज्याच्याजवळ तो खेळ आहे त्याच्यासाठी आजही मोकळा आहे.

ही पाठ केलेली वळणे खऱ्या रस्त्यावर कामास येतात काय? ह्याचा प्रयोग झाला आहे. २००८ पासून निस्सान कंपनीने 'ग्रान टुरिस्मो'च्या जोडीने उत्तम खेळाडूंमधून खरे ड्रायव्हर निवडण्याची स्पर्धा चालविली. २०१४ साली ती भारतातही आली. पहिला विजेता लुकास ओर्डोन्येझ हा स्पेनमधला विद्यार्थी. तो २०११ साली ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात दुसरा आला. यान मार्डेनबरो हा इंग्रज तरुण २०११ साली निवडला गेला, आणि २०१३ साली ल मांला आपल्या वर्गात तिसरा आला. ज्यांच्या बापाजवळ शर्यतीच्या गाडीचा पैसा नव्हता अशा पोरांना ह्या खेळाने दार उघडून दिले. ही लहान गोष्ट नव्हे.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१५ च्या मार्च महिन्यात जर्मनीत न्यूर्बुर्गरिंगवर ह्याच मार्डेनबरोची गाडी चढावर हवेत उचलली गेली, कुंपणापलीकडे जाऊन पडली आणि एक प्रेक्षक मरण पावला. आम्ही हे त्या तरुणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. तसले अपघात शर्यतीत मुरलेल्या ड्रायव्हरांच्या हातूनही झाले आहेत. सांगायचे ते एवढेच की, खऱ्या रस्त्यावर 'पुन्हा पहिल्यापासून' हे बटण नाही. म्हणूनच ज्या जागी ते बटण आहे त्या जागेची किंमत ओळखली पाहिजे.

२०२० साली टाळेबंदी आली आणि जगातल्या मोटारशर्यती बंद पडल्या. तेव्हा अमेरिकेतल्या नामांकित ड्रायव्हरांनी घरच्या यंत्रांपुढे बसून शर्यती केल्या आणि त्या टेलिव्हिजनवर दाखविल्या गेल्या. एका शर्यतीत एका ड्रायव्हरने वैतागून खेळ अर्धवट सोडला, तर त्याच्या प्रायोजकाने त्याला सोडून दिले. आमच्यासारख्या माणसाचे कान तेथे टवकारतात. ज्या क्षणी खेळ सोडल्याबद्दल भाकरी जाते, त्या क्षणी तो खेळ राहिला नाही, ती नोकरी झाली.

आणि नोकरी म्हटली की, हे खेळ घडविणारे हात कोणाचे, हेही विचारले पाहिजे. बंगळूरची धृव इंटरॅक्टिव्ह ही १९९७ साली निघालेली कंपनी. तिच्या कारागिरांनी 'फोर्झा' ह्या अमेरिकन खेळमालेसाठी गाड्या घडवून दिल्या. २०१९ साली ती रॉकस्टार ह्या परदेशी कंपनीने विकत घेतली. पुण्यातही २००८ पासून युबिसॉफ्ट ह्या फ्रेंच खेळकंपनीचा स्टुडिओ आहे. मोटारीचा आरसा, शिवण घातलेली सीट, ब्रेकची तबकडी ही एकेक वस्तू संगणकावर कोरणारा तरुण हा आमच्या हिशेबी पॅटर्नमेकरचा वारस आहे. पॅटर्नमेकरचे नाव ओतीव मालावर उमटत नसे. ह्यांच्यापैकीही थोड्यांचेच नाव खरेदीदाराच्या ध्यानात राहते. त्यांनाही तासांची मर्यादा, कामाचा दाम आणि कामावर नाव, ही जुनी तिन्ही मागणी लागू आहेत.

काही जण तर दामाशिवाय राबतात. 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा २०१७ चा खेळ आपल्याकडे अफाट पसरला आहे. तो शर्यतीचा नव्हे, नुसत्या बस हाकण्याचा. आपल्या पोरांनी त्या परदेशी बसला आपल्या एस.टी.चा तांबडा रंग दिला आणि पाटीवर आपल्या गावांची नावे लिहिली. १९४८ च्या १ जूनला पुण्याहून नगरला पहिली एस.टी. निघाली, तिची नात आज जावा बेटावरच्या रस्त्यांवर धावते आहे. ज्या पोराचा बाप एस.टी.त ड्रायव्हर आहे, त्याला बापाचे काम किती जोखमीचे, हे त्या चाकामागे बसून थोडे तरी कळत असेल, असे मानायला आम्हांला आवडते.

आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. आमच्याच भागातल्या एका गाळ्यात, नाव घेत नाही, पॉवर प्रेसवर पहिल्याच आठवड्यात एका पोराची दोन बोटे गेली. चौकशीला आम्ही गेलो तेव्हा उत्तर मिळाले, "त्याला काम दाखविले होते." किती वेळ दाखविले? अर्धा तास. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २३ व्या कलमात असे होते की, धोक्याच्या यंत्रावर अल्पवयीन कामगाराला धोका पुरता समजावल्याशिवाय, आणि पुरेसे शिक्षण किंवा जाणत्याची देखरेख असल्याशिवाय उभे करू नये. कायदे बदलतात, संहिता येतात. पण 'पुरेसे शिक्षण' म्हणजे अर्धा तास नव्हे, हे कोणत्याही संहितेला मान्य व्हावे.

विमानाच्या वैमानिकाला सिम्युलेटर मिळतो. रेल्वेच्या लोको पायलटला मिळतो. हौशी श्रीमंताला घरात तो मिळतो, आणि तो त्यावर शंभर वेळा भिंतीवर आदळून एकशे एकाव्या वेळी वळण साधतो. मग प्रेसवरच्या हेल्परने आणि रात्री कंटेनर हाकणाऱ्या पोराने आपली पहिली चूक खऱ्या लोखंडावर का करावी? पन्नास वर्षांत ही विद्या स्वस्त झाली आहे. जो हिशेब करायला पूर्वी खोलीभर यंत्र लागे, तो आता त्या हेल्परच्या खिशातला मोबाइल करतो. अडचण यंत्राची राहिलेली नाही, इच्छेची आहे. गोखिवऱ्यासारख्या वसाहतीत शेकडो लहान गाळे आहेत. एकट्या गाळेवाल्याला हे परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. पण सर्वांनी मिळून, महापालिकेच्या आणि आय.टी.आय.च्या साह्याने, एक सरावशाळा का निघू नये? तिच्यात एक खोटा प्रेस असावा, एक खोटी फोर्कलिफ्ट असावी, एक ट्रकची केबिन असावी.

ह्यावर तीन आक्षेप येतील, त्यांना थोडक्यात उत्तर देतो. पहिला असा की, खेळाचे व्यसन लागते. लागते खरे, आणि पैसे लावून खेळण्याचे लागले तर घर बुडते. म्हणूनच २०२५ साली संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा आणि ई-स्पोर्टला वेगळी मान्यता देणारा कायदा केला. जुगार आणि सराव ह्यांत जो फरक कायद्याने ओळखला, तो घरच्या वडिलांनीही ओळखावा. दुसरा आक्षेप असा की, खोट्या यंत्रावर भीती नसते. बरोबर आहे. डबल ड्युटीचा थकवा, कानठळ्या बसविणारा आवाज, सुपरवायझरची घाई ह्यांतले काहीच पडद्यावर नसते. सिम्युलेटर माणसाला शिकवील, पण चौदा तासांची पाळी सुरक्षित करणार नाही. प्रेसला पहारा बसविण्याऐवजी कोणी सिम्युलेटर दाखवू लागला, तर आम्ही फाटकावर उभे राहू.

तिसरा आक्षेप आमचा स्वतःचाच आहे. ही यंत्रे प्रत्येक हालचाल टिपून ठेवतात: ब्रेक केव्हा दाबला, हात किती कापला, किती वेळा चुकला. शर्यतीच्या खेळात ती नोंद खेळाडूला सुधारते. कारखान्यात तीच नोंद कामावरून काढण्याचा पुरावा होऊ शकते. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. सरावातल्या चुकांची नोंद शिकणाऱ्याची आणि शिकविणाऱ्याची. ती मालकाच्या शिस्तीच्या फायलीत जाता कामा नये. जेथे चुकीची शिक्षा होते तेथे कोणी मोकळेपणाने चुकत नाही, आणि जो चुकत नाही तो शिकत नाही.

लिंकच्या यंत्राला खेळण्यातून शिक्षणात जायला पाच वर्षे आणि कित्येक तरुणांचे प्राण लागले. आपल्या गाळ्यांतून किती बोटे जावीत म्हणजे आपल्याला जाग येईल, हा प्रश्न आम्ही ह्या सभेपुढे ठेवतो. येथे मालक मंडळी बसली आहेत, शिक्षक बसले आहेत, नगरसेवक बसले आहेत. सरावशाळेची एक समिती ह्याच पावसाळ्याच्या आत नेमावी, एवढी आमची सूचना आहे.